फुलपाखरांचं माहेर

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात बागसमितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सेक्रेटरींनी मला बजावलं आहे, "बाई, बोला, पण जेवणाच्या आधी आवरा." आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे तास संपल्याची घंटा झाली तरी माझं बोलणं संपत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. प्रयत्न करते. आज मला एक कबुली द्यायची आहे आणि शेवटी तुमच्याकडे एक मागणी करायची आहे.

गेल्या श्रावणातली गोष्ट. बी विंगमधली पाचवीतली एक मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. शाळेने प्रकल्प दिला होता, फुलपाखराचं जीवनचक्र. अंडं, अळी, कोष आणि फुलपाखरू, चारही अवस्थांचे फोटो स्वतः काढून चिकटवायचे. मी म्हटलं, त्यात काय, गेटजवळच्या ताटव्यावर फुलपाखरं नाचत असतात, एका दिवसात काम होईल. फुलपाखराचा फोटो पाच मिनिटांत मिळाला. मग अंडी आणि अळ्या शोधायला लागलो. ड्युरांटाचं कुंपण पाहिलं, पामची झाडं पाहिली, घाणेरीचं पान न् पान उलटून पाहिलं. तीन दिवस गेले. एक अळी नाही.

चौथ्या दिवशी पंपरूमच्या मागे गेलो. तिथे एक कढीपत्ता आहे. तो कोणी लावलेला नाही, बुलबुलाने पेरलेला. अडगळीत, मोडक्या खुर्च्यांच्या मध्ये वाढलाय. त्याच्या पानांवर पक्ष्याची शीट पडावी तसे काळे-पांढरे ठिपके होते. काडीने हळूच हलवलं तर ठिपक्याने डोकं वर केलं आणि लालसर शिंगं बाहेर काढली! कॉमन मॉर्मनच्या अळ्या. नऊ होत्या. त्या मुलीने फोटो काढले आणि मला विचारलं, "बाई, पुढे एवढी छान बाग आहे, मग ही सगळी इकडे अडगळीत का राहतात?"

या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. बोलायला मात्र जड गेलं, कारण ती पुढची छान बाग मी लावली आहे.

जुन्या मंडळींना आठवत असेल. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. मुरूड-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर त्या एका दुपारी काय झालं ते मी सांगायला नको. वाड्याच्या वाड्या झोपल्या. माडाचं झाड पुन्हा धरायला किती वर्षं लागतात हे आपल्या बागायतदारांना विचारा. आपल्या आवारातलेही दोन आंबे, सोनचाफा, बहावा आणि भिंतीकडेचे माड गेले. पाऊस ओसरल्यावर बागेची जबाबदारी कमिटीने माझ्यावर टाकली. खिडकीतून बाहेर बघवत नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, लवकर काहीतरी हिरवं दिसू दे. मलाही. मी नर्सरीत गेले आणि लवकर वाढेल, बारमाही फुलेल, पाणी कमी लागेल, गुरं तोंड लावणार नाहीत, असं सगळं उचलून आणलं. गेटजवळ रंगीत घाणेरी, तिच्याखाली पिवळ्या फुलांची सिंगापूर डेझी, कुंपणाला ड्युरांटा, मागच्या भिंतीला कोनोकार्पस. आणि जागा साफ करताना भिंतीलगतची रुई आणि कोपऱ्यातली वाघाटीची वेल 'रान माजलंय' म्हणून मीच मुळासकट काढायला लावली. जीवशास्त्राच्या बाईने! सहा महिन्यांत बाग भरली, सगळ्यांनी कौतुक केलं, मीही ते घेतलं.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. फुलपाखराच्या दोन गरजा असतात. मोठ्या फुलपाखराला फुलातला मध लागतो. तो त्याला बऱ्याच फुलांतून चालतो, देशी काय नि परदेशी काय. पण मादीला अंडी घालायची असतात तेव्हा ती फार चोखंदळ होते. पानावर बसते आणि पुढच्या पायांनी पानाची चव घेते. हो, पायांनी! ठरलेलं झाड असेल तरच अंडं ठेवते, कारण अळी दुसरं काही खात नाही. कढीपत्त्यावरची अळी उचलून घाणेरीवर ठेवली तर ती उपाशी मरेल. झाडंही मुकाट्याने खाऊ देत नाहीत. प्रत्येक झाडाच्या पानात आपापलं कडू, उग्र, विषारी रसायन असतं. ते पचवायला त्या अळीच्या पूर्वजांना हजारो पिढ्या लागल्या. परवा बोटीतून आलेल्या झाडाशी ते नातं कसं जुळणार?

आपल्या भाषेत सांगायचं तर मधाचं फूल म्हणजे हॉटेल. येता-जाता कोणीही बसावं, चहा घ्यावा. अंड्यांसाठी मात्र बाळंतपणाला जावं तसं माहेरच लागतं. आपण गेटवर मोठं हॉटेल उघडलं आणि आवारातली सगळी माहेरं पाडून टाकली. तुम्हाला घाणेरीवर दिसतात ती फुलपाखरं बाहेरून येतात. खाजणाच्या कडेने, गावातल्या वाड्यांतून, पलीकडच्या डोंगरावरून. ती पाहुणी आहेत. आपल्या बागेत जन्मलेलं एकही नाही. उद्या बाहेरच्या वाड्या कमी झाल्या, रस्ते रुंद झाले, प्लॉट सपाट झाले, तर आपलं हॉटेल रिकामं पडेल.

आता कुणाचं माहेर कुठे, ते सांगते. यात पुस्तकी काही नाही, यातली निम्मी झाडं तुमच्या स्वयंपाकघरात आणि देवघरात आहेत.

लिंबू, कढीपत्ता आणि बेल ही एकाच कुळातली. त्यांच्यावर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन वाढतात. आपल्या राज्याचं फुलपाखरू ब्लू मॉर्मन, मराठीत निलवंत, तेही याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. तळहाताएवढं, काळं मखमली आणि निळं. २०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखरू केलं. असा मान फुलपाखराला देणारं आपलं पहिलं राज्य. त्याला माकडलिंबू आवडतो, तो आपल्या रानात आहे, आणि पपनस-लिंबाचं झाडही चालतं. शनिवारी मारुतीला जिची माळ घालतो त्या रुईवर प्लेन टायगरची अळी, पिवळे-काळे-पांढरे पट्टे असलेली. रुईच्या चिकातलं विष ती अंगात साठवते, म्हणून फुलपाखरू झाल्यावरही पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. वाघाटी, जिच्या फळांची भाजी आषाढी एकादशीचा उपास सोडताना द्वादशीला करतात, तिच्यावर ग्रेट ऑरेंज टिप आणि कॉमन गल. बहाव्यावर कॉमन एमिग्रंट. सोनचाफ्यावर आणि कुंपणाच्या उंच आसुपालवावर टेल्ड जे, हिरव्या ठिपक्यांचं, एका जागी न थांबणारं. करंजावर कॉमन बँडेड ऑल. बोरीवर कॉमन पियरो. कोरांटीवर लेमन पॅन्सी.

आंब्यावर कॉमन बॅरन असतो. त्याची अळी पानाच्या मधल्या शिरेवर अशी पसरते की पिसासारखे काटे पानात मिसळून जातात. मी स्वतः डोळ्यांसमोर असताना दोनदा चुकले आहे. माडा-पोफळीवर कॉमन पामफ्लाय. आणि भगिनींनो, पातोळ्यांसाठी हळदीची पानं काढायला जाता तेव्हा एखादं पान आधीच गुंडाळलेलं सापडतं ना? आत अळी निघते आणि आपण ते पान फेकतो. ते ग्रास डेमनचं घर. पान फेकू नका, तिथेच राहू द्या. पातोळ्यांना दुसरं पान मिळेल.

गणपतीच्या पत्री आठवा. बेल, रुई, बोर, कण्हेर. कण्हेरीवर कॉमन क्रो वाढतं. म्हणजे पत्रीच्या चार पानांमागे चार-पाच फुलपाखरांची माहेरं उभी आहेत. पूर्वी परसात आणि बांधावर ही झाडं राहायची, कारण वर्षातून एकदा तरी त्यांचं पान लागायचं. आता पत्रीचा तयार जुडा बाजारातून येतो, म्हणून झाडाकडे लक्ष जात नाही.

खाडीकडेला एक आणखी गंमत आहे. पिलू, म्हणजे ज्याच्या काड्यांचा मिसवाक करतात ते झाड, खाऱ्या जमिनीत सुखाने वाढतं. त्याच्यावर स्मॉल सामन अरब नावाचं फिकट गुलाबी-केशरी फुलपाखरू वाढतं. आपल्यासारख्या खाडीकाठच्या सोसायटीला हे झाड लावता येतं, घाटावरच्यांना तेवढं सहज जमणार नाही.

कोणी म्हणेल, बाई, माहेर नसेना, पण हॉटेल तरी वाईट नाही ना? घाणेरी राहू दे की. इथे जरा थांबावं लागेल. घाणेरी मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणली. फळं पक्ष्यांनी खाल्ली, बिया देशभर गेल्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतातल्या वाघांच्या जंगलांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक क्षेत्रात तिने पाय पसरले आहेत. तिच्या जाळीखाली दुसरं रोप सहसा उठत नाही. गुरांनी पाला खाल्ला तर यकृताला बाधा होते. गुराखी हे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. आपल्या डोक्यावर फणसाडचं रान आहे. एकेकाळी नवाबांचं शिकारीचं रान, १९८६ पासून अभयारण्य. आपल्या गेटवरची फळं खाऊन बुलबुल कुठे जातो, याचा मी त्या वेळी विचारच केला नाही.

सिंगापूर डेझीचं बीसुद्धा लागत नाही. पेराचा तुकडा मातीला टेकला की मूळ धरतो. आपण छाटणी करून कचरा मागच्या वहाळाच्या कडेला टाकतो. या पावसाळ्यात जाऊन बघा, तिथे पिवळी सतरंजी पसरली आहे. पूर्वी तिथे तेरडा आणि गवतं असायची. जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर परक्या आक्रमक प्रजातींची एक यादी आहे. तिच्यात घाणेरीही आहे आणि ही डेझीही. त्याच यादीत जलपर्णी आहे, तीही फुलं सुंदर म्हणूनच लोकांनी तळ्यात सोडली होती. कोनोकार्पसवर तर गुजरात सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली.

काही झाडांची गोष्ट याहून वाईट असते. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर रिचमंड बर्डविंग नावाचं मोठं देखणं फुलपाखरू आहे. त्याचं माहेर म्हणजे तिथल्या रानातली एक वेल. लोकांनी बागांत दक्षिण अमेरिकेतली त्याच गोत्रातली शोभेची वेल लावली, तिला बदकासारखी फुलं येतात. मादीला वास ओळखीचा वाटतो, ती अंडी घालते, अळ्या पान खातात आणि मरतात. घर माहेरासारखं दिसतं आणि आत विष. पुढे तिथल्या लोकांनी, त्यात शाळेतली मुलंही होती, ही वेल काढून मूळची वेल लावायची मोहीम घेतली. ही बदकाच्या फुलांची वेल आपल्याकडे नर्सरीत मिळते. मोहात पडू नका. तिची देशी बहीण ईश्वरी, काही जण सापसंद म्हणतात, ती लावा. तिच्यावर कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ वाढतात. फक्त एक लक्षात ठेवा, ईश्वरी औषध म्हणून घरच्या घरी खायची नाही, मूत्रपिंडाला घातक आहे. बागेत ठेवायची, पोटात नाही.

आता न्यायाने बोलायचं तर परदेशी म्हणजे वाईटच, असं मी म्हणत नाही. पानफुटी मूळची मादागास्करची, पण रेड पियरो तिच्यावर आनंदाने वाढतं आणि ती घाणेरीसारखी डोंगर व्यापत नाही. सदाफुली असो, झेंडू असो, कुंडीत राहतात, कोणाला त्रास देत नाहीत. माझा आक्षेप कुंपण ओलांडून जाणाऱ्यांना आहे. आणि दुसरं, बाग फक्त मधाची असू नये.

हे होतं का? होतं. ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर ओवळा गावात राजेंद्र ओवळेकरांनी आपल्या घरच्या सुमारे दोन एकर शेतजमिनीवर फुलपाखरांची बाग उभी केली. जाळी नाही, पिंजरा नाही. अळ्यांची झाडं आणि मधाची झाडं एकत्र लावली, फुलपाखरं आपणहून आली. शंभराहून अधिक जाती तिथे नोंदल्या गेल्या आहेत. आजूबाजूला टॉवर उभे असताना. आपल्याला तर एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला फणसाड आहे, आपली बाजू त्यांच्याहून भक्कम आहे.

आता तक्रारींकडे येते, कारण त्या मला माहीत आहेत. पहिली, अळ्या आल्या की झाडं विद्रूप होतात. होतात. लिंबाची कोवळी पानं महिनाभर कुरतडलेली दिसतील. अंड्यापासून फुलपाखरू व्हायला आपल्या हवेत साधारण महिना लागतो, मग झाड पुन्हा पालवतं. फवारणी केली तर दोन्ही जातं. कुंडीतलं लहान रोप असेल तर थोड्या अळ्या उचलून मोठ्या झाडावर ठेवा. दुसरी, अळी अंगाला लागली की खाज येते. खाज आणणाऱ्या केसाळ अळ्या बहुतेक पतंगांच्या असतात. मी सांगितलेल्या झाडांवरच्या अळ्यांचा तसा त्रास नाही. तरी मुलांना सवय लावा, बघायचं, हात लावायचा नाही. तिसरी, रुईचा चीक डोळ्यात गेला तर. बरोबर आहे, म्हणून रुई खेळाच्या जागेपासून लांब, मागच्या भिंतीला. चौथी, रान माजलं की साप येतील. साप उंदरामागे येतो. आपल्या कचऱ्याच्या डब्यांची झाकणं नीट लावली तर निम्मा प्रश्न सुटेल, आणि हे मी दरवर्षी सभेत सांगते.

मागणी एवढीच. येत्या वार्षिक सभेत बागेसाठी जो ठराव येणार आहे, त्यात नवीन लॉन आणि शोभेच्या पामचा प्रस्ताव आहे. तो बदलावा. पहिल्या वर्षी सिंगापूर डेझी मुळासकट काढू. काढलेला तुकडा न् तुकडा गोणीत भरून उन्हात पूर्ण वाळवायचा, वहाळात टाकायचा नाही. घाणेरी एकदम काढायची नाही, नाहीतर फुलपाखरांचं हॉटेलही एका दिवसात बंद पडेल. आधी लाल एक्झोरा, भारंगी, कोरांटी लावू, ती फुलायला लागली की घाणेरी काढू. मागच्या भिंतीला कोनोकार्पसच्या जागी करंज, बहावा आणि एक बेल. कोपऱ्यात वाघाटी पुन्हा, काटेरी आहे म्हणून जाळीवर चढवू. पंपरूमच्या मागच्या मोडक्या खुर्च्या हलवू आणि त्या कढीपत्त्याला जागा देऊ. बाल्कनीवाल्यांनी एकेक कुंडी लिंबाची किंवा पानफुटीची ठेवावी. रोपं वनखात्याच्या किंवा सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून आणायची, फणसाडमधून एक काडीही उपटायची नाही. ते अभयारण्य आहे आणि तो गुन्हा आहे. पहिली दोन वर्षं बाग थोडी उघडी-बोडकी दिसेल. लग्नकार्याच्या फोटोंना मागे हिरवीगार भिंत मिळणार नाही. तेवढी कळ सोसायची तयारी आहे का, एवढंच सभेत ठरवायचं आहे. कोनोकार्पस तोडण्यासाठी परवानगी लागत असेल तर ती काढायचं काम माझं. पाडलं मी, तर उभं करायला पहिला हातही माझाच असेल.

त्या मुलीच्या वहीत चौथ्या पानावर कोषाचा फोटो आहे. कढीपत्त्याच्या काडीला एका धाग्याने टेकलेला, हिरवा. अकराव्या दिवशी सकाळी तो फुटला. शाळेची बस चुकली तरी ती जागची हलली नाही. फुलपाखराने पंख वाळवले, आणि पंपरूमच्या पत्र्यावरून उडून थेट गेटजवळच्या घाणेरीवर जाऊन बसलं. ती मला म्हणाली, "बाई, हे आपलं आहे, पाहुणं नाही." आतापर्यंत असं एकच आहे. पुढच्या श्रावणात मोजणी करायला सगळ्या मुलांनी वही घेऊन यायचं, फोटोचं मी बघते.

जेवणाला उशीर केला, क्षमा असावी.